घोडी ‘अचानक’ लाथ मारते तेव्हा

फलटण तालुक्यातल्या एका शेतकऱ्यांचा प्रश्न आहे. गेल्या मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यांनी पाच वर्षांची मारवाडी घोडी आणली. १४ वर्षांच्या मुलाला घोड्याचं वेड, त्याच्यासाठी. पहिले दोन महिने छान गेले. मग दाण्याच्या वेळी ती कान पाडायला लागली, शेपूट झटकायला लागली. गड्याने दोन-तीनदा काठी दिली, तशी ती ‘सुधारली’. आणि पंधरा दिवसांपूर्वी मुलगा संध्याकाळी दाण्याची पाटी घेऊन आत गेला, तेव्हा तिने ‘अचानक’ लाथ मारली. मांडीवर बसली, हाड वाचलं. आता कोणी सांगतं काटेरी लगाम घाला, कोणी सांगतं तिच्या कपाळावरचा केसांचा भोवरा वाईट आहे, विकून टाका. त्यांनी घोडीच्या खोलीचा फोटो पाठवलाय आणि विचारलंय, विकू का?

आधी मुलाचं. मांडीचा मुका मार दोन-तीन आठवड्यांत उतरेल. पण पुढे कधी लाथ पोटावर, छातीवर किंवा डोक्यावर बसली, तर तो चालता-बोलता असला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पोटातला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही, काही तासांनी माणूस ढासळतो. जखम झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचाराच. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात.

आता घोडीचं. विकू नका, निदान एवढ्यात तरी. मी ३० वर्षं घोडे फिरवतोय, नव्यांना मांड शिकवतोय, आणि तुमच्या प्रश्नातला एकच शब्द मला खटकला. ‘अचानक’. त्याच्या वरच्याच ओळीत तुम्ही लिहिलंय की ती कान पाडत होती, शेपूट झटकत होती. म्हणजे तिने सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा सांगत होती. तिला त्याबद्दल काठी मिळाली आणि तिने सांगणं बंद केलं. दाण्याच्या वेळी कोणी आत आलं की तिला वाटणारा धाक मात्र गेला नाही. घोड्यांच्या भांडणाला पायऱ्या असतात. आधी कान मागे जातात, मग मान लांब करून तोंड पुढे येतं, मग पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, फिरतो, मग एक पाय उचलून धरला जातो आणि सगळ्यात शेवटी लाथ. कळपात बहुतेक भांडणं पहिल्या-दुसऱ्या पायरीवर मिटतात, कारण समोरचा घोडा बाजूला होतो. तुमच्या गड्याने मधल्या पायऱ्या काढून टाकल्या. राहिली ती शेवटची. त्याला दोष देत नाही, बहुतेक ठिकाणी हेच शिकवलं जातं. पण कान पाडल्याबद्दल घोड्याला मारू नये, हे त्याला आजच समजावून सांगा.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्या फोटोबद्दल. गोठ्याच्या टोकाला दहा बाय दहाची पत्र्याची खोली, दार डाव्या कोपऱ्यात आणि गव्हाण थेट समोरच्या भिंतीला. घोडी गव्हाणीत तोंड घालून उभी असते, म्हणजे तिचा पुठ्ठा दाराकडे. मुलगा आत येतो तो तिच्या मागून. गव्हाणीपर्यंत पोचायला त्याला तिच्या आणि भिंतीच्या मधून जावं लागतं. दहा फुटांच्या खोलीत घोडी आडवी उभी राहिली तर दोन्हीकडे माणसाला जेमतेम जागा उरते. आणि तिलाही पळायला वाट नाही, कारण एकमेव दार तुमच्या मुलाच्या मागे आहे. घोड्याचा पहिला विचार नेहमी पळण्याचा असतो. ती वाट बंद झाली की तो लढतो. तुमच्या खोलीत रोज दोन वेळा ती वाट बंद होत होती.

त्यात घोड्याची नजर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. पण बरोबर शेपटीच्या मागची पट्टी आणि कपाळासमोर, नाकाखाली असलेला थोडा भाग त्याला दिसत नाही. उन्हातून अंधारात आला की त्याचे डोळे माणसापेक्षा सावकाश सरावतात. संध्याकाळी सहाला पत्र्याच्या खोलीत, मागच्या आंधळ्या पट्टीतून, हातात खडखडणारी पाटी घेऊन कोणीतरी येतं. पोटात भूक आणि मागच्या वेळची काठी आठवणीत. मी त्या घोडीच्या जागी असतो तर मीही पाय उचलला असता.

तेव्हा पहिलं काम, गव्हाण दाराजवळ आणा. अर्ध्या दारावरून, बाहेर उभं राहूनच दाणा ओतता आला पाहिजे. म्हणजे दाणा द्यायला आत जावंच लागणार नाही आणि खाताना घोडीचं तोंड तुमच्याकडे राहील. जमलं तर खोली बारा बाय बाराची करा आणि भिंतीला खिडकी पाडा, तिथून तिला गाई-बैल दिसू देत. एकटा ठेवलेला घोडा कायम चौकीदारासारखा जागा राहतो. घोडे उभ्याने डुलक्या घेतात, पण गाढ झोपेसाठी त्यांना थोडा वेळ आडवं व्हावं लागतं. ज्याला आपण एकटे पडलोय असं वाटतं तो आडवा होत नाही. झोप न मिळालेलं जनावर चिडचिडं होणारच.

दुसरं, पोट. तुम्ही सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला हरभऱ्याचा भरडा, कोंडा आणि कडब्याची एकेक पेंढी देता. मधले अकरा तास तिच्यासमोर काही नसतं. माळावर सोडलेला घोडा दिवसातले सोळा-सतरा तास तोंड हलवत असतो. त्याचं पोट लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल सतत झरतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. रिकाम्या पोटात ते वरच्या भागाला लागतं, तिथे व्रण होतात. अशी घोडी दाणा दिसला की वेडीपिशी होते, आणि पोटाला पट्टा आवळला की चावायला धावते. तुमची घोडी साडेतीनशे किलोची धरली तर तिला रोज पाच ते सात किलो कोरडा चारा हवा, तोही चार-पाच वेळा विभागून. आधी चारा टाका, ती पंधरा-वीस मिनिटं चघळू दे, मग दाणा. भरडा निम्म्यावर आणा. मुलाने रोज अर्धा तास फिरवायच्या घोडीला एवढा हरभरा लागत नाही. थोडी लसूणघास मिळाली तर उत्तम. बदल मात्र आठवडाभरात हळूहळू करा. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे चारा एकदम बदलला आणि पोट फुगलं तर ते जिवावर बेततं.

तिसरं, दुखणं. वागणूक बदलली की मी आधी पशुवैद्यकाला बोलावतो, मग चाबूकस्वाराला, म्हणजे घोडा शिकवणाऱ्याला. दात बघून घ्या. घोड्याचे दाढांचे कंगोरे वरच्या बाजूला गालाकडे आणि खालच्या बाजूला जिभेकडे धारदार होत जातात, वर्षातून एकदा ते घासून घ्यावे लागतात. पाठीवर खोगिराखाली हात दाबत न्या, कुठे कातडी थरथरते का, पाठ दबते का बघा. खुरं बघा. घोडी माजावर असेल तरीही पाच-सात दिवस ती कुशीला हात लावू देत नाही. साधारण २१ दिवसांनी तोच प्रकार पुन्हा होतोय का, याची नोंद ठेवा.

आणि सारंगखेड्याहून आणलेल्या घोडीबद्दल आणखी एक गोष्ट विचारायची असते, ती नाची होती का? तिथे नाचवलेल्या घोड्यांना चांगला भाव मिळतो. अशा घोडीला दोर वर ओढला की पाय उचलायचे, ढोल वाजला की उसळायचं असं शिकवलेलं असतं. तिच्यासाठी तो हुकूम असतो आणि नवख्या मुलाला वाटतं घोडी बिथरली. आधीच्या मालकाचा फोन असेल तर हे नक्की विचारा. पुढच्या वेळी यात्रेत जनावर घ्यायचं झालं तर भर दुपारी फिरवून दाखवलेल्या घोड्यावर पैसे लावू नका. दिवसभर फिरवलेला घोडा दमून शांत दिसतो. पहाटे, पहिला दाणा टाकताना, त्याच्या ठाणावर जाऊन बघा. तिथे तो खरा दिसतो.

आता कान कसे वाचायचे ते मुलाला शिकवा, कारण मारवाडी घोड्यांत लोक इथेच चुकतात. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. टोकाकडे बघितलं तर कान कायम टवकारलेलेच वाटतात. म्हणून बुडाकडे बघायचं. बूड पुढे वळलेलं असेल तर लक्ष समोर. एक कान तुमच्याकडे मागे फिरलाय, डोळा मऊ आहे, तर ती फक्त तुम्हाला ऐकतेय. दोन्ही कान मानेला चिकटले, नाकपुडीच्या वर सुरकुत्या आल्या, तोंड आवळलं, तर तिथेच थांबायचं. मागचा एक पाय टोकावर टेकवलाय, खालचा ओठ लोंबतोय, डोळे अर्धवट मिटलेत, ती विश्रांती आहे. पाय तसाच टेकवलेला, पण मान वर ताठ, वजन दुसऱ्या पायावर, शेपूट पायांत दाबलेली किंवा फटकारणारी, तर तो पाय उडणार आहे. डोळ्याचा पांढरा भाग दिसणं आणि फुर्र करून नाकातून हवा सोडणं बहुतेक वेळा भीतीचं असतं, रागाचं नव्हे. भ्यालेल्या घोड्याला जागा द्यायची असते, आणि माणसं नेमकी त्याच वेळी लगाम आखडून धरतात.

आमच्या पागेत घोड्यांची निगा राखणारे एक म्हातारे मोतद्दार होते. दाराशी आले की आधी आवाज द्यायचे, मग कडी न काढता उभे राहायचे. घोडी तोंड फिरवून दाराकडे आल्याशिवाय त्यांचं पाऊल आत पडत नसे. कधी पाच मिनिटं लागत, कधी दहा. मला तेव्हा वाटायचं, काय हा वेळ घालवणं. नंतर कळलं, त्यांच्या हातची एकही घोडी कोणाला पुठ्ठा दाखवत नव्हती. तुम्ही हेच करा. पाटी घेऊन दाराबाहेर उभं राहायचं. तिचे कान मागे आहेत तोवर काही नाही, ओरडणं नाही, काठी नाही. कान पुढे आले, तोंड तुमच्याकडे वळलं की त्याच क्षणाला दाणा. दोन सेकंदांचा उशीर झाला तरी तिला भलताच अर्थ लागतो, एवढं ते क्षणाचं गणित आहे. पहिले चार दिवस चिकाटी लागेल. बहुतेक घोड्या आठवडा-दहा दिवसांत समजतात.

जवळ जायची पद्धत मुलाने अंगवळणी पाडून घ्यावी. समोरून थेट नाही, मागून नाही, तर डाव्या खांद्याच्या दिशेने, तिरकं, बोलत. पहिला हात खांद्यावर किंवा मानेवर, तोंडावर नाही. मागून दुसऱ्या बाजूला जायचं असेल तर दोनच जागा सुरक्षित. एकतर पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी चिकटून, बोलत बोलत जायचं, म्हणजे पायाला झोका घ्यायला जागा उरत नाही. नाहीतर दहा-बारा फूट लांबून. मधलं तीन-चार फुटांचं अंतर सगळ्यात वाईट, दुगाणीचा पूर्ण जोर तिथेच बसतो. तुमच्या मुलाला लाथ लागली ती त्याच अंतरावर. शिवाय मागचा पाय पुढेही येतो, पोटापर्यंत, आणि पुढचे पाय समोर आपटतात. खांद्याजवळची जागा म्हणूनच आपली. खुरं साफ करताना वाकायचं, पण गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसायचं नाही. बसलेल्या माणसाला बाजूला होता येत नाही.

दोराचं मी पोटतिडकीने सांगतो. १९ वर्षांचा असताना मी एका शिंगराचा दोर हाताला दोन वेढे देऊन धरला होता. बांधावरून प्लॅस्टिकची पिशवी उडाली, ते बुजलं, आणि मी वीस पावलं फरफटत गेलो. वेढा सुटला तेव्हा दोन बोटांची कातडी दोराबरोबर गेली होती. आजही थंडीत ती बोटं नीट वळत नाहीत. लांब दोर असेल तर त्याच्या घड्या घालून मुठीत धरा, बोटांभोवती किंवा मनगटाभोवती कधीही गुंडाळू नका. घोडी बांधताना म्होरकीला (तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याला) बांधा, लगामाला नाही. मागे खेचली तर लगाम जीभ कापतो. गाठ अशी हवी की मोकळं टोक एका झटक्यात ओढलं की सुटेल, आणि उंची तिच्या खांद्याएवढी. फाटकाला बांधू नका, मी एका घोड्याला अख्खं फाटक घेऊन पळताना बघितलंय. आणि मोकळ्यात सोडताना आधी तिला वळवून तोंड फाटकाकडे करा, मगच म्होरकी काढा आणि मागे सरा. सुटल्याच्या आनंदात घोडे दुगाण्या झाडतात, त्यात राग नसतो, पण लागायचं ते लागतं.

बसताना हेल्मेट. घोड्याचंच हवं, मोटरसायकलचं जड असतं, मान वळत नाही. पायात टाच असलेला बंद बूट. चप्पल किंवा सपाट बूट रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार घुसतो, आणि पडताना पाय अडकला की घोडी पळते आणि माणूस तिच्या पायांशी आपटत जातो. रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा. पुढचे तीन महिने मुलाने एकट्याने घोडीजवळ जाऊ नये, मोठं माणूस हाकेच्या अंतरावर हवं.

काटेरी लगामाचं नाव काढू नका. जनावराला आवरायला काटे, खिळे असलेली साधनं वापरायला १९६५ च्या नियमांनी आपल्याकडे बंदी आहे, आणि नियम नसता तरी माझं उत्तर तेच असतं. ज्या घोडीला माणूस जवळ येण्याचाच धाक आहे, तिच्या तोंडात काटे घालून तो धाक कसा जाईल? भोवऱ्याबद्दल तुमच्या वडीलधाऱ्यांचा मान राखून सांगतो, अशुभ म्हणून कवडीमोलाने गेलेल्या तीन घोड्या मी आणल्या. दोघींवर लहान मुलं शिकली. तिसरीला पाठीचं दुखणं होतं, ते भोवऱ्याने झालं नव्हतं, आखूड खोगिराने झालं होतं.

तुमच्याकडेच तरडगावला, चांदोबाच्या लिंबाजवळ, दर वर्षी माउलींच्या पालखीचं उभं रिंगण होतं. मुलाला तिथे घेऊन जा आणि अश्व धावताना लोक कसे उभे आहेत ते दाखवा. हजारो माणसं, टाळ-मृदंगाचा गजर, आणि त्यातून स्वार नसलेला माउलींचा अश्व सरळ धावत जातो. त्याला ते जमतं, कारण त्याला गजराची सवय आहे आणि त्याच्यापुढे वाट मोकळी आहे, दोन्ही बाजूंना माणसं त्याला दिसताहेत. त्यानंतर टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात तेव्हा मात्र माझा जीव वर-खाली होतो. माती अश्व पुढे गेल्यावर घ्यावी. मागून वाकून पायाला हात लावू नये, तो कितीही शांत असला तरी. लग्नाच्या वरातीतही हेच. घोड्याच्या मागे नाचायचं नाही, फटाक्याची माळ त्याच्या पुढ्यात लावायची नाही, लहान मुलांना त्याच्या पायांतून पळू द्यायचं नाही. आणि माथेरानला बसाल तेव्हा घोडेवाल्याला एकदा पट्टा आवळायला सांगा, घोडा पळवायला सांगू नका.

विकायचा विचार कधी करायचा, तेही सांगतो. गव्हाण हलवली, चारा वाढवला, दात-पाठ तपासून झाली, तीन महिने काठी बंद राहिली, आणि तरीही ती मोकळ्या मैदानात, पळायला चारी बाजू असताना, माणसाच्या अंगावर तोंड उघडून धावून आली, तर ती घरच्या मुलासाठी नाही. मग ती अनुभवी माणसालाच द्या आणि लाथेची गोष्ट लपवू नका. तुमच्या वर्णनावरून मला ती अशी वाटत नाही. पहिले दोन महिने ती चांगली होती, हे तुम्हीच लिहिलंय.

गव्हाण हलवायला गवंडी लागणार नाही. प्लॅस्टिकचं दोनशे लिटरचं पिंप उभं अर्धं कापा, कडा घासून गुळगुळीत करा आणि दाराच्या आतल्या बाजूला, तिच्या छातीच्या उंचीला, बोल्टाने पक्कं बसवा. बोल्टांची डोकी आतून झाकून घ्या. उद्या सकाळचा चारा त्यातच टाका आणि ती पहिल्यांदा तोंड कुठल्या बाजूने घालते, कान कुठे ठेवते, ते मला कळवा.